धाकटीचा नीटचा क्लास

रविवार, रात्री

धाकटीनं आज नीटचा पेपर उत्तरतालिकेशी ताडून पाहिला. बायोलॉजीच्या 90 प्रश्नांत फारसं काही चुकलं नाही. फिजिक्सच्या 45 मध्ये मात्र लाल खुणाच जास्त. बरोबरला 4 गुण, चुकलं की 1 वजा. मी म्हटलं, येत नव्हतं तर सोडून द्यायचं. तर म्हणाली, "दादा, मले येत होतं. सूत्रही बरोबर लिवलं, आकडेमोडीतच घोळ झाला."

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. हिला वर्षभर सगळं पुन्हा शिकवायची गरज नाही. गरज आहे ती रोज गणितं सोडवून घेणाऱ्याची.

बाबांच्या मनात अकोल्याची रिपीटर बॅच (नीट पुन्हा देणाऱ्यांची) आहे, मामा लातूरचं सांगतात. तिथं शिकवणं चांगलंच असेल. पण होस्टेल, मेस आणि फी धरली तर घरात ठेवलेला कापूस विकूनही हातउसने घ्यावे लागतील. बाबा त्यालाही तयार आहेत. मला त्याचाच घोर लागतो.

यवतमाळच्या एका क्लासमध्ये भिंतभर पोरांचे फोटो होते. त्यातला पहिला पोरगा तुमच्याकडं कोणत्या कोर्सला होता, किती महिने, एवढंच विचारलं. सांगता येईना. जाहिरातीत फोटो लावला तर सोबत कोर्स आणि त्याचा कालावधी लिहावा, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2024 मध्येच सांगितलंय. तिथून निघालो.

दुसऱ्या ठिकाणी फक्त फिजिक्स शिकवणारे एक सर भेटले. बॅच लहान. दर टेस्टनंतर पोरांना फळ्यापाशी बोलावून चुकलेलं गणित त्यांच्याकडूनच सोडवून घेतात. मी दारात उभा राहून पाहत होतो. एक पोरगी खडू हातात धरून अडली, तर सर गप्प राहिले, तिचं तिला सुचेपर्यंत. मला हे फार आवडलं.

बायोलॉजी ती एनसीईआरटीवरून घरीच करेल. केमिस्ट्रीसाठी आयआयटी कानपूरचं 'साथी' पोर्टल फुकट आहे, फक्त रेंजसाठी गच्चीवर जावं लागेल. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा रोजचं जाणं-येणं परवडतं. क्लास मध्येच सोडला तर उरलेली फी परत मिळेल का, हे तेवढं सरांकडून लिहून घ्यायचंय.

बाबा परवा अकोल्याला फी भरायला निघालेत. उद्या सकाळी त्यांच्याशी बोलतो.