उतारावरची सायकल आणि खिशातला कॅमेरा

पुण्यात कॅमेऱ्यांच्या दुकानात काम करताना ‘झूम किती आणि मेगापिक्सेल किती’ हे दोन प्रश्न मी रोज ऐकतो, आणि माउंटन बायकिंग करणाऱ्या एका गृहस्थांनीही सुरुवात याच प्रश्नांनी केली. सोबत्यांची छायाचित्रे त्यांना स्वतः सायकल चालवता चालवता, वाटेत थांबून घ्यायची होती; त्यामुळे छातीवरच्या लहान पाऊचमध्ये मावेल असाच कॅमेरा हवा होता. त्यांची नजर २४ ते २०० मिलिमीटर झूम (आकडा जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते) असलेल्या सोनी आरएक्स१०० मार्क ७ वर होती.

कागदावरची तुलना पुरेशी वाटेना, म्हणून मालकांच्या परवानगीने मी तीन कॅमेरे घेतले आणि रविवारी सकाळी आम्ही वेताळ टेकडीवर गेलो. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदाच्या २५०व्या भागात तीन सेंटीमीटरहून अधिक सरकते, हजाराव्या भागात मात्र जेमतेम आठ मिलिमीटर. बाजूने टिपताना म्हणूनच वेगवान शटर, म्हणजे प्रकाश क्षणभरच आत घेणारी झडप, लागते, किंवा मग शटर मुद्दाम साठाव्या भागापर्यंत संथ ठेवून कॅमेरा सायकलस्वाराबरोबर फिरवावा लागतो. समोरून येणाऱ्या स्वाराची हालचाल चित्रात कमी पुसट होते, पण अंतर क्षणोक्षणी घटत असल्यामुळे खरी परीक्षा फोकसची असते. तिन्हींपैकी केवळ कॉन्ट्रास्टवरून, म्हणजे भिंग हलवत चित्र कुठे सर्वांत ठसठशीत दिसते ते शोधत, फोकस साधणारा कॅमेरा इथेच मागे पडला. स्वार वळणावरून बाहेर येईपर्यंत त्याचे भिंग पुढे-मागे चाचपडत राही आणि चित्रात मागचे झुडूपच स्पष्ट उमटे. वाटेवरच्या एखाद्या दगडावर आधीच फोकस बांधून ठेवण्याची जुनी युक्ती त्याला तारू शकली असती. पण स्वार नेमका त्या दगडावरूनच जाईल याची हमी कोण देणार?

भिंग कोणत्या दिशेला किती हलवायचे ते थेट ओळखणारे फेज डिटेक्शन उरलेल्या दोघांतही, म्हणजे मार्क ७ आणि त्याच मालिकेतल्या मार्क ५ए मध्ये, होते, त्यामुळे निवड प्रकाशावर येऊन ठेपली. भिंगाचे छिद्र एफ आकड्याने सांगतात आणि आकडा लहान तितके छिद्र मोठे; मार्क ७ चे छिद्र झूमच्या रुंद टोकाला (२४ मिलिमीटरला) एफ २.८, तर २४ ते ७० मिलिमीटरच्या मार्क ५ए चे एफ १.८ असते, म्हणजे त्या टोकाला मार्क ५ए सुमारे अडीचपट प्रकाश आत घेतो. उघड्या माळावर याने फारसे बिघडत नाही, पण झाडीत हजाराव्या भागाचे शटर टिकवायचे तर मार्क ७ चे आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, त्या मानाने चढवावे लागते, आणि ‘एक इंच’ म्हणवल्या जाणाऱ्या लहान सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) चित्रात त्याचे दाणे लवकर दिसू लागतात. शिवाय अरुंद पायवाटेवर छायाचित्रकार स्वारापासून दोन-तीन मीटरवरच उभा असतो, तिथे २०० मिलिमीटरचे करायचे काय? मोकळ्या मैदानातली शर्यत दोरीबाहेरून टिपायची असती तर मी मार्क ७ च सुचवला असता.

दोन्हींची चित्रे पडद्यावर मोठी करून पाहिल्यावर त्यांनी मार्क ५ए घेतला. हा कॅमेरा धूळरोधक नाही, म्हणून भिंग पूर्ण आत गेल्याशिवाय तो पाऊचमध्ये ठेवू नये, हे मी त्यांना दोनदा बजावले आणि पाऊचही चेन असलेलेच दिले.