तुम्ही विचारलंत म्हणून: स्पोर्ट मोडवर गाडी खरंच जास्त पिते का?

"स्पोर्टवर टाकली की ॲव्हरेज किती पडतं हो?" शेजारच्या सीटवर पहिल्यांदा बसलेला माणूस बेल्ट लावता लावता हे विचारतोच, आणि लगेच पुढचा ठरलेला प्रश्न, इकोवरच चालवायची तर एवढ्या ताकदीची गाडी घेतली कशाला. दुसऱ्या प्रश्नावर मी नुसती हसते. पहिल्याचं उत्तर द्यायला मला आवडतं पण ते एका आकड्यात मावत नाही आणि लोकांना तर आकडाच हवा असतो, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकते.

बटण दाबल्याने गाडीचं वजन वाढत नाही, वारा तोच, टायर तेच, त्यामुळे सपाट रस्त्यावर १०० च्या स्पीडने जायला जेवढी ताकद लागते तेवढीच लागते, मोड कुठलाही असो. बदलतं काय, तर ती ताकद इंजिन कुठल्या गिअरमध्ये, किती आरपीएमवर (म्हणजे मिनिटाला किती फेरे घेत) काढून देतं ते, आणि तुमचा पाय किती मागतो ते. एक्झॉस्ट घुमायला लागला, स्टीअरिंग जड झालं, सस्पेन्शन कडक झालं की लोकांना वाटतं आता पेट्रोल धो धो चाललं, पण या तिन्हींचा टाकीशी जवळपास काही संबंध नाही. उलट एअर सस्पेन्शनवाल्या काही गाड्या स्पोर्टमध्ये थोड्या खाली बसतात, त्याने वाऱ्याचा अडथळा झालाच तर किंचित कमी होतो.

आधी पायाचं बोलू. हल्लीच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला केबल नसते, पाय किती दाबलाय एवढंच पेडल सांगतं आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, किती उघडायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. समजा पेडल पाव भाग दाबलंत, तर इकोमध्ये तो हात आखडून थोडंसंच देतो आणि स्पोर्टमध्ये त्याच पाव भागावर जवळजवळ अर्धी ताकद हजर. पूर्ण दाबलं तर बहुतेक गाड्या कुठल्याही मोडमध्ये सगळंच देतात. म्हणजे इंजिन तेच आहे, ताकद फक्त पेडलच्या सुरुवातीलाच आणून ठेवलीय. पाय सवयीचा असेल तर तुम्ही स्पोर्टमध्ये आपोआप कमी दाबता, इकोमध्ये जास्त, आणि गाडी शेवटी सारखीच पळते, सारखंच पिते. मला स्वतःला इकोचं ते मेलेलं पेडल अजिबात आवडत नाही, ओव्हरटेक करताना तर वैताग येतो, पण बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये पाय जरा हलला म्हणून गाडी उसळत नाही हे मान्य करायला हवं.

गिअरबॉक्सचं मात्र पायावर ढकलता येत नाही. हे बघायचं असेल तर रिकाम्या सपाट हायवेवर क्रूझ कंट्रोल १०० ला लावा आणि त्या क्षणाचं ॲव्हरेज दाखवणारा डॅशबोर्डवरचा आकडा उघडा. माझ्या गाडीत तीन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि ८ गिअरचा ऑटोमॅटिक आहे. कम्फर्टमध्ये, म्हणजे रोजच्या साध्या मोडमध्ये, ती आठव्यात, १७०० आरपीएमच्या आसपास निवांत चाललेली असते आणि आकडा १३ च्या आगेमागे डुलत असतो. स्पोर्ट दाबलं की आरपीएमची सुई उडी मारून अडीच हजाराच्या वर, गिअर सहावा, स्पीड तोच १००, आणि आकडा उतरून ११. आता मोड स्पोर्टच राहू द्या आणि स्टीअरिंगमागचं गिअर बदलायचं उजवं पॅडल दोनदा ओढून परत आठवा टाका, आकडा पुन्हा १३ कडे सरकतो. एक्झॉस्ट अजून घुमतोय, स्टीअरिंग जडच आहे, पेट्रोल मात्र कम्फर्टइतकंच. खूप गाड्यांत असतो तो झेडएफ कंपनीचा ८ गिअरचा बॉक्स घेतला तर त्यात सहाव्याचं गुणोत्तर १ आणि आठव्याचं ०.६७, म्हणजे त्याच स्पीडला सहाव्यात इंजिन दीडपट फिरतं. काही गाड्या स्पोर्टमध्ये शेवटचा गिअर द्यायलाच तयार नसतात, तिथे पॅडलचाच आधार.

आता इंजिन दीडपट फिरलं म्हणून पेट्रोल दीडपट लागत नाही, पण लागतं ते का लागतं हे समजलं की बाकी सगळं उलगडतं. १०० चा स्पीड धरून ठेवायला साधारण २० हॉर्सपॉवर पुरतात. ४०० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला हे काम म्हणजे ५ टक्के, अंगालाही लागत नाही, आणि तिथेच गोची आहे. पेट्रोल इंजिन सगळ्यात काटकसरीने चालतं ते कमी आरपीएमवर आणि चांगला लोड, म्हणजे अंगावर भरपूर काम, असताना. थ्रॉटल जेमतेम उघडा असला की त्याला हवा आत ओढायलाच ताकद घालवावी लागते, वर पिस्टन, बेअरिंग, ऑइल पंप यांचं घर्षण, आणि घर्षणात वाया जाणारी ताकद आरपीएमबरोबर वाढतच जाते. मोठं इंजिन हलक्या कामाला लावलं की पेट्रोलचा चांगलाच मोठा वाटा इंजिनाला स्वतःलाच फिरवत ठेवण्यात जातो, आणि स्पोर्ट मोड नेमका हाच वाटा फुगवतो. छोट्या इंजिनाच्या गाडीत मोड बदलून फारसं काही हाती लागत नाही ते याचमुळे.

कंपन्यांना हे पक्कं माहितीये. मर्सिडीज-एएमजी ई ६३ एस मधलं चार लिटरचं व्ही८ कम्फर्टमध्ये, १००० ते ३२५० आरपीएमच्या दरम्यान, हलक्या लोडवर आठातले चार सिलिंडर बंद करून टाकतं, राहिलेल्या चारांवर सगळा भार पडतो आणि तेच हवं असतं. स्पोर्टमध्ये आठही चालू. पोर्श ९११ चा पीडीके नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नॉर्मलमध्ये पाय उचलला की क्लच सोडून गाडीला नुसती घरंगळू देतो, इंजिन आयडलवर, म्हणजे भाराविना नुसतं चालू, आणि स्पोर्टचं बटण दाबलं की हे बंद, सिग्नलला इंजिन आपोआप बंद पडायचं तेही बंद. म्हणजे पेट्रोल वाचवण्याच्या ज्या सोयी गाडीत मुळातच दिल्यात त्या हे बटण गुपचूप काढून घेतं, आणि डॅशबोर्डवर त्याचा कुठे उल्लेखही नसतो.

इथे एक जण हमखास म्हणतो की घरंगळण्यात कसला फायदा, गिअरमध्ये पाय उचलला तर इंजेक्टर पूर्णच बंद होतात, पेट्रोल शून्य. बरोबर आहे, पण तेव्हा इंजिन गाडीला मागे ओढत असतं. पुढे लाल सिग्नल दिसतोय, थांबायचंच आहे, तर गिअरमध्येच पाय उचला. पुढे मोकळा रस्ता आणि हलका उतार असेल तर घरंगळू द्या, आयडलच्या थोड्याशा पेट्रोलवर कितीतरी लांब जाता येतं. आणि स्पोर्टमध्ये पाय उचलल्यावर मागून फट-फट फटाके वाजतात ना, त्यासाठी कित्येक गाड्यांत पेट्रोल मुद्दाम चालू ठेवून ठिणगी उशिरा देतात, म्हणजे जिथे शून्य लागायला हवं तिथेही थोडं जातं. फार नाही जात. मी ते फटाके ऐकतेच.

खरा खर्च शहरात होतो, आणि त्याचा मोडशी संबंध जरा आडवळणाने आहे. १७०० किलोची गाडी शून्यावरून ६० ला नेली की तिच्यात साधारण २३५ किलोज्यूल ऊर्जा येते, आणि पेट्रोलमधल्या ऊर्जेचा चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो असं धरलं तर त्याला ३० मिलीच्या आसपास पेट्रोल लागलं. पुढच्या सिग्नलला ब्रेक मारला की ते सगळं डिस्क तापवण्यात गेलं. आता स्पोर्टमध्ये पेडल असं तयारीत, आवाज असा छान, की त्याच दोन सिग्नलच्या मध्ये तुम्ही ६० ऐवजी ८० ला पोचता, आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे पावणेदोन पट, ५० मिलीच्या वर, लाल दिवा तोच आणि वाचलेला वेळ जवळपास शून्य. दिवसभरात असे सिग्नल किती लागतात ते बघा. मग हे पेट्रोल मोडने प्यायलं की तुम्ही, तर दोघांनी मिळून, त्याने चिथावलं आणि तुमचा पाय भुलला.

याचा अर्थ गाडी गोगलगायीसारखी उचला असा मात्र नाही. पेडल बऱ्यापैकी दाबून, आरपीएम २५०० च्या आत ठेवून, पटापट वरचे गिअर पडू देत ५० ला पोचलात तर इंजिन लोडवर असतं, म्हणजे त्याच्या चांगल्या पट्ट्यात. पूर्ण दाबणं ही वेगळी गोष्ट. बरीच टर्बो पेट्रोल इंजिनं पूर्ण ताकदीला मिश्रण मुद्दाम रिच करतात, एरवी १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा असते ती १२ च्या आसपास येते, आणि ते जादा पेट्रोल टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फार तापू नयेत म्हणून ओतलेलं असतं. इकोमध्ये राहून पाय तळापर्यंत दाबलात तरी हे होणारच. तसंच हायवेला, वाऱ्याचा विरोध १०० पेक्षा १३० ला १.६९ पट असतो, तेव्हा इकोवर १३० ने निघालेल्या माणसाने स्पोर्टमध्ये टॉप गिअर टाकून १०० ने जाणाऱ्याला पेट्रोलवर लेक्चर देऊ नये.

अजून एक तक्रारवजा प्रश्न येतो, की दर वेळी स्टार्ट केली की गाडी परत कम्फर्टवरच का येते. आधी कुठलाही मोड असला तरी चालू केल्यावर नेहमी एकच मोड येत असेल तर युरोपच्या डब्ल्यूएलटीपी या ॲव्हरेज मोजायच्या चाचणीत तो मुख्य मोड धरतात आणि पेट्रोल त्यातच मोजतात. तसा ठराविक मोड नसेल तर सगळ्यात कमी पिणारा आणि सगळ्यात जास्त पिणारा अशा दोन्ही मोडमध्ये चाचणी करून सरासरी काढतात. आता कुठली कंपनी आपल्या हाताने स्पोर्टचा आकडा त्या सरासरीत घालेल? जाहिरातीतलं ॲव्हरेज बघताना एवढं डोक्यात असू द्या.

मी स्वतः इंडिव्हिज्युअल मोडमध्ये, जिथे प्रत्येक गोष्ट वेगळी निवडता येते, इंजिन आणि गिअरबॉक्स कम्फर्टला ठेवते, स्टीअरिंग, सस्पेन्शन आणि एक्झॉस्ट स्पोर्टला, म्हणजे मजेचा बराचसा भाग मिळतो आणि आठवा गिअरही. वळणावळणाचा मोकळा रस्ता आला की सगळंच स्पोर्ट, आणि तो ॲव्हरेजचा आकडा बंद. इको फक्त टाकी तळाला लागलेली असताना, कारण त्यात एसीचा कॉम्प्रेसरही जरा आवरता घेतात, थोडा उकाडा सोसायचा.

मॅन्युअलवाल्यांनी या सगळ्यात फार पडू नये, गिअर तुमच्याच हातात आहे त्यामुळे बटणाने बदलून बदलणार काय, तर मुख्यतः पेडल. अपवाद आहेत, सी७ कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारच्या ७ गिअरच्या मॅन्युअलमध्ये आठातले चार सिलिंडर फक्त इको मोडमध्ये बंद होतात. अमेरिकेतल्या ॲव्हरेजच्या चाचणीसाठी कॉर्व्हेटच्या मॅन्युअलमध्ये वर्षानुवर्षं आणखी एक खोडी होती, हळू चालवत असाल तर पहिल्यातून दुसरा पडूच द्यायचा नाही, लिव्हर सरळ चौथ्यात. गाडी घरी आणल्यावर कित्येक मालक सगळ्यात आधी तीच काढून टाकायचे.