केव्हीएएचने खाल्लेले दोन महिने

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत माझा छोटा फोर्जिंगचा, म्हणजे लोखंड तापवून ठोकून घडवायचा कारखाना आहे. आमचे बोल्ट पुण्याच्या पार्टीमार्फत युरोपात जातात. तिकडचा सीबॅम, म्हणजे आयात मालाच्या कार्बनवरचा आकार, ऑक्टोबर 2023 पासून नुसता अहवालापुरता होता, 1 जानेवारी 2026 पासून पैशाचा झाला. पार्टी म्हणाली, "भाऊ, टनामागे कार्बन किती ते लिहून द्या." म्हणून ऑईलची भट्टी काढून विजेवरचा इंडक्शन हीटर कर्जाने घ्यायचं ठरवलं. बीईई, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा बचत संस्थेच्या 2025 च्या योजनेत सूक्ष्म-लघु उद्योगांना व्याजात 5 टक्के सवलत आहे. ऊर्जेचं ऑडिट झालं, अर्ज गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडलं बँकेत. तिथले साहेब म्हणाले, "तुमचे विजेचे युनिट जुळत नाहीत." ऑडिटरच्या अहवालात वर्षाचे 3,12,000, साहेबांच्या बेरजेत 3,39,000. फाईल परत. मी ऑडिटरवर भडकलो, तो म्हणतो बरोबर आहे. पुन्हा दिली, पुन्हा परत. तिसऱ्यांदा मी साहेबांच्या टेबलाशीच खुर्ची ओढून बसलो. विजेची बारा बिलं मांडली, तेव्हा कळलं. एप्रिल 2020 पासून उच्चदाब ग्राहकाला बिल केव्हीएएचवर, म्हणजे ओढलेल्या एकूण विजेवर लागतं. साहेबांनी तोच रकाना जोडला होता. कार्बन मोजायचा तो केडब्ल्यूएचवर, म्हणजे खरोखर कामी आलेल्या विजेवर. आमचा पॉवर फॅक्टर, म्हणजे केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच, 0.92, फरक तिथलाच. मी केडब्ल्यूएचच्या आकड्यांवर पिवळा हायलायटर मारून दिला. आठवड्याने फोन: "झेरॉक्समध्ये पिवळं दिसत नाही, रंगीत द्या." बे, हेच आधी सांगितलं असतं तर! तोवर दोन महिने गेले होते.

हां, ऑईलचं राहिलंच. एक सप्लायर लिटरमध्ये बिल देतो, दुसरा किलोत. ऑडिटच्या आधीच सगळं एका मापात आणा.

आणि वीज म्हणजे शून्य कार्बन, असं मशीन विकणारा सांगेल, ऐकू नका. माझ्या जुन्या भट्टीला टनामागे 110 लिटर ऑईल लागतं, लिटरला साधारण 3 किलो कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे 330 किलो. इंडक्शनला 400 युनिट, ग्रिडच्या हिशेबाने युनिटला 0.7 किलोच्या आसपास, म्हणजे 280 किलो. माझ्या धुराड्यातला बराचसा धूर कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमणीतून निघणार, एवढंच. तरी बचत आहे, आणि शेडमधला उकाडा कमी होईल तो वेगळा.

कर्ज मंजूर झालंय. मशीनची वाट बघतोय. बिलं मात्र अजून टेबलाच्या वरच्याच खणात ठेवली आहेत, रंगीत झेरॉक्ससकट.