सूज उतरली, पण घोटा कच्चाच

पाय मुरगळला की पहिला सल्ला ठरलेला: 'चोळून घे.' राजगडावरून गुंजवण्याकडे उतरताना घसाऱ्यावर माझा उजवा पाय आत वळला आणि सोबतच्या काकांनी बाम काढलाच. मी चोळू दिलं नाही. बूटही काढला नाही. सुजलेला पाय पुन्हा बुटात जात नाही, आणि गाव तर गाठायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आधी एक्स-रे न काढता बोटांनी दाबून पाहिलं. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत. मग पावलाच्या बाहेरच्या कडेवरचा हाडाचा उंचवटा आणि आतल्या बाजूचं हाड. शेवटी चार पावलं चालायला लावलं. चाललो, लंगडत का होईना. १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावात मांडलेले हे निकष. यांत काही सापडलं नाही तर फ्रॅक्चरची शक्यता फारच कमी. माझं दुखणं हाडावर नव्हतंच, बाहेरच्या घोट्याच्या जरा पुढे, खोलगट जागी होतं. पाय आत वळला की बहुतेकदा तिथलाच लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा चिवट बंध, आधी ताणला जातो. माझा अर्धवट फाटला होता.

बर्फ, क्रेप बँडेज, उशीवर पाय. जांभळा डाग टाचेकडे, बोटांकडे सरकू लागला तशी आई घाबरली. पण साकळलेलं रक्त खाली उतरतंच. प्लास्टर नाही, उलट हालचाल लवकर सुरू. अंगठ्याने हवेत मुळाक्षरं गिरवायची. 'ळ'ला घोटा सगळ्यात जास्त कुरकुरायचा.

चाल सरळ झाली तेव्हा मला वाटलं, सुटलो. फिजिओताईंनी एका पायावर उभं राहून डोळे मिटायला सांगितले. डावा पाय ठीक. उजव्यावर उभा राहिलो आणि लगेच भिंत धरली. लिगामेंटबरोबर सांध्याची जाणीव मेंदूला देणारी यंत्रणाही दुखावते, म्हणून तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. खरं काम इथून पुढचं, आणि भयंकर कंटाळवाणं: एका पायावर दात घासणं, पायरीच्या कडेवर टाचा उचलणं, रबरी पट्ट्याविरुद्ध पाऊल बाहेर ढकलणं. न दुखता दोन्ही पायांवर सारख्या उड्या मारता येईपर्यंत ट्रेक बंद.

परवा सिंहगड चढलो. उतरायला मात्र जीप धरली. उताराची परवानगी ताईंनी अजून दिलेली नाही.