तुम्ही विचारलंत म्हणून: 75 साली मी कुठे होते

कॉलेजात जुन्या गोष्टी सांगायला बोलावतात ना, तिथे शेवटी कोणीतरी हमखास विचारतं, "आजी, मग आणीबाणीत तुम्ही काय केलंत?" मी "मूल लहान होतं" म्हणून पुढे सरकते. आता कंटाळा आला सरकायचा.

लाटणं मोर्चा मी रंगवून सांगते, सांगणारच. 72 चा दुष्काळ, तेल-रॉकेल गायब, महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने हाक दिली आणि आम्ही गोरेगावच्या बायका थाळ्या बडवत रस्त्यावर, मृणालताई गोरे समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर कम्युनिस्ट, पण लाटणं सगळ्यांचं सारखंच. थाळीला पडलेला पोचा दाखवला की पोरं टाळ्या वाजवतात.

तर 75. मृणालताई भूमिगत होत्या. एका रात्री मोर्चातली मैत्रीण आली, पिशवीत सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं, म्हणाली दोन दिवस ठेव गं. मी तांदळाच्या डब्यात ठेवली. हे जागेच होते, बोलले काही नाहीत, नुसते उठून पाणी प्यायले आणि परत आडवे झाले. यांची सरकारी नोकरी, मुलगी दीड वर्षाची. पहाटे मी बंब पेटवला आणि पत्रकं एकेक करून आत घातली, सगळी, एकही न वाचता, आणि त्याच पाण्याने मुलीला आंघोळ घातली. मैत्रीण आली तेव्हा सांगितलं, शेजारी पोलीस येऊन गेले म्हणून जाळली. पोलीस-बिलीस कोणी आलं नव्हतं. ती "बरं केलंस" म्हणाली, चहा प्यायली, गेली. पुढे महिन्याभरात ती आत गेली.

आणि 77 ला मृणालताई, पाण्यासाठी लढल्या म्हणून लोकांच्या "पानीवाली बाई", लोकसभेवर निवडून आल्या तेव्हा "पानीवाली बाई दिल्ली में" हे मी त्याच मैत्रिणीच्या शेजारी उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडले!

घाबरले, हो. तुम्हीही इंटरव्ह्यूच्या आधी पोस्टी डिलीट करताच की. हे टोमण्यासारखं वाटलं तर वाटू दे. पण दोन दिवस होते हातात, एक रात्र तरी थांबायचं होतंस, असं मी त्या तेव्हाच्या मला म्हणते, आणि ती म्हणते सकाळी दार वाजलं असतं तर पोरीला कोणाकडे टाकलं असतंस. ते खोडता येत नाही मला. पटतही नाही. आणि खोटं का बोललीस, यावर ती गप्पच.

मागच्या महिन्यात नात आली, मोर्चाचे बोर्ड तुझ्याकडे ठेवू का, आई ओरडेल म्हणाली. ठेव म्हटलं. आणि लगेच विचारलं, यावर तुझं नाव कुठे लिहिलेलं नाही ना?