फोटो आहेत, मग नकाशा कशाला?

प्लूटोचे इतके स्पष्ट फोटो आले, मग त्याचा भूशास्त्रीय नकाशा कशाला काढायचा? आणि जिथला खडा कधी हातात येणार नाही, तिथला नकाशा खरा कशावरून? हा नकाशा काढणाऱ्यांपैकी मी एक, म्हणून दर वेळी मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि दर वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं की ते पोचलेलं नाही. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

फोटोत सगळं एकाच वेळी समोर असतं. आधी काय घडलं आणि नंतर काय, हे फोटो सांगत नाही. स्पुटनिक प्लॅनिशिया, म्हणजे प्लूटोच्या त्या प्रसिद्ध 'हृदया'चा पश्चिम भाग, हे नायट्रोजनच्या बर्फाचं अफाट मैदान आहे. तिथे एकही विवर, म्हणजे उल्का आदळून पडलेला खड्डा, सापडलेलं नाही; आणि विवरं जितकी कमी, तितका पृष्ठभाग नवा. त्या बर्फाचे १० ते ४० किलोमीटर रुंदीचे कप्पे पडलेत. कप्प्याच्या मध्यातून जरा उबदार बर्फ वर येतो, कडेने खाली जातो, आणि पृष्ठभाग सतत नवा होत राहतो. त्याचं वय फार तर एक कोटी वर्षं, बहुधा त्याहून पुष्कळ कमी. शेजारचा काळपट प्रदेश मात्र विवरांनी भरलेला, अब्जावधी वर्षांचा जुना. या दोघांमध्ये मी रेषा ओढते तेव्हा तिच्या दोन बाजूंना जवळजवळ सूर्यमालेच्या वयाएवढा फरक आहे, असं मी म्हणत असते. ती रेषा फोटोत नसते. ती कुणीतरी काढावी लागते, आणि काढणाऱ्याला तिचा जाब द्यावा लागतो.

'म्हणजे रंगच भरायचे ना?' असं म्हणणाऱ्यांनी मैदानाच्या वायव्य काठावरचे अल-इद्रिसी डोंगर बघावेत. उणे २३० अंशांच्या आसपास पाण्याचा बर्फ खडकासारखा कडक असतो, पण नायट्रोजनच्या बर्फापेक्षा हलका. त्याचे तुटलेले, कललेले प्रचंड ठोकळे तिथे गर्दी करून उभे आहेत आणि फटींमध्ये नायट्रोजनचा बर्फ शिरला आहे. कोण आधीचं, कोण नंतरचं, हे प्रत्येक फटीपाशी ठरवावं लागतं.

दुसरा प्रश्न मला जास्त लागतो, कारण त्यात तथ्य आहे. आपल्याकडे एकच भेट आहे: १४ जुलै २०१५, नासाचं न्यू होरायझन्स यान शेजारून निघून गेलं. समोर आलेल्या बाजूच्या ज्या चित्रांवर मुख्य काम होतं त्यांत एक पिक्सेल म्हणजे साधारण ३१५ मीटर. किलोमीटरभराची टेकडी तीन-चार ठिपक्यांत संपते. पलीकडची बाजू लांबूनच, धूसर टिपलेली आहे. दक्षिणेचा मोठा भाग ध्रुवीय रात्रीत होता, तिथे काहीच नाही. म्हणून नकाशात ठळक रेषा असतात तशा तुटकही असतात. पण हातोडा घेऊन फिरणारा भूशास्त्रज्ञ तरी दोन उघड्या खडकांमधल्या मातीखाली काय आहे ते तर्कानेच भरतो ना? त्याला कुणी हा प्रश्न विचारत नाही.

आता राइट मॉन्सबद्दल. मैदानाच्या दक्षिणेला सुमारे १५० किलोमीटर रुंद आणि चारेक किलोमीटर उंच असा हा डोंगर आहे, मध्यभागी भलामोठा खळगा. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण 'ज्वालामुखी' म्हणतो. मीही त्याभोवती ठळक रेषा काढून तो नकाशात स्वतंत्र घटक, म्हणजे वेगळ्या रंगाचा तुकडा, केला होता. आढावा बैठकीत एका ज्येष्ठांनी ते पान पडद्यावर मोठं केलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "या रेषेच्या आत आणि बाहेर पृष्ठभाग कसा वेगळा आहे, सांगा." मी उंची सांगितली, उतार सांगितला. ते म्हणाले, "उंची नकोय. पोत सांगा." आणि पोत सारखाच होता. डोंगराच्या अंगावरचे उंचवटे पायथ्याशी थांबत नव्हते, पुढे तसेच पसरत गेले होते. त्यात तो भाग दिवस-रात्रीच्या सीमेजवळचा. तिरप्या उन्हात प्रत्येक सावली लांबते, प्रत्येक चढ असतो त्याहून मोठा वाटतो. रेषा पुसायचं ठरलं. तो सगळा प्रदेश एकाच रंगाखाली गेला. बैठक पुढे सरकली. त्या दिवशी कुणाशी बोलायची इच्छा उरली नव्हती.

तेव्हाच्या मला आज मी विचारेन: डोंगर दिसतो हे खरं, पण तो एकाच मुखातून उभा राहिला हे तुला कुठे दिसलं? ग्रहशास्त्रज्ञ केल्सी सिंगर आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मांडलं की इथला प्रदेश बर्फाच्या उद्रेकांनी घडला असावा, आणि तोही अनेक ठिकाणांहून वर आलेल्या साहित्याचे उंचवटे एकमेकांत मिसळून. तसं असेल तर पायथ्याशी धारदार सीमा नसणारच. तेव्हाची मी लगेच उलटून विचारते: मग चार किलोमीटरची उंची नेमकी तिथेच का साठली? इतका खोल खळगा तिथेच का? त्याचं उत्तर त्या एकाच रंगात नाही.

शेजारचा पिकार्ड मॉन्स तर थेट उन्हात आलाच नाही. वातावरणातल्या धुरक्याने विखुरलेल्या उजेडात त्याचा आकार तेवढा कळतो. त्यामुळे तुलनेचाही आधार तोकडाच. नकाशाच्या पुढच्या सुधारणेत राइटच्या पायथ्याभोवती निदान तुटक रेषा असावी, असं माझं मत आहे, आणि ते मी लेखी दिलं आहे. गटातल्या दोघांचा त्याला ठाम विरोध आहे, त्यांची कारणंही कच्ची नाहीत.