पंधरा हजारांत कोणता डॅक? तुम्ही विचारलंत म्हणून

"पंधरा हजारांत चांगला डॅक कोणता?" यापाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो: "ईएसएसची चिप असलेला घेऊ की एकेएमची?" डॅक म्हणजे डिजिटल आवाजाचं अ‍ॅम्प-स्पीकरला चालणाऱ्या अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारी डबी; ईएसएस आणि एकेएम या तिच्या आतली चिप बनवणाऱ्या कंपन्या. त्या प्रश्नाचंच आधी उरकतो. चिप बघून डॅक घेऊ नका. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओकाचा एकेएमचा कारखाना जळाला आणि त्या चिपा मिळेनाशा झाल्या. फिओ कंपनीने आपला के५ प्रो हा डॅक ईएसएसची चिप घालून तसाच विकायला काढला. पूर्वी माझंही उत्तर चिपपासूनच सुरू व्हायचं, नाकारत नाही. पण चिपच्या पुढचं आउटपुट सर्किट आणि वीजपुरवठा खोक्यावर छापलेला नसतो, म्हणून चिपबद्दलच बोललं जातं.

मला हवी असते वेगळीच माहिती: आवाज कुठून येणार आणि कशात जाणार? टीव्हीवरून येणार असेल तर ऑप्टिकल (प्रकाशाने सिग्नल नेणाऱ्या वायरीचं) इनपुट हवंच. टीव्हीच्या सेटिंगमध्ये पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) निवडा; डॉल्बी राहिलं तर डॅक मुका बसतो आणि तुम्ही तो परत पाठवता. बहुतेक टीव्हींचा रिमोट ऑप्टिकलचा आवाज कमी-जास्त करत नाही, म्हणून डॅकला स्वतःचा रिमोट असलेला बरा. पुढे थेट अ‍ॅक्टिव्ह स्पीकर (आतच अ‍ॅम्प असलेले) असतील तर डॅक प्रीअ‍ॅम्प मोडवर (म्हणजे आवाज डॅकवरूनच कमी-जास्त होईल असा) आहे ना, हे गाणं लावायच्या आधी बघा. नाहीतर आरसीएतून (लाल-पांढऱ्या वायरींच्या जोडणीतून) पूर्ण २ व्होल्ट जातात आणि शेजारी दार वाजवतात.

आता खरं दुखणं. नवा डॅक लॅपटॉपला यूएसबीने जोडला, अ‍ॅम्प चालू केला, आणि गाण्याआधीच स्पीकरमधून घूंऽऽ. "डॅक खराब निघाला" असं लगेच लिहू नका. आधी अ‍ॅम्पमधून डॅकच्या आरसीए वायरी काढा. आवाज तरीही राहिला तर दोष अ‍ॅम्पकडे. गेला तर वायरी परत लावा, लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. आता घूं थांबली असेल तर डॅक निर्दोष आहे. चार्जरची तिसरी पिन आणि अ‍ॅम्पची तिसरी पिन, अशा दोन वाटांनी अर्थिंग जोडलं गेलंय. दोन्हींतल्या किंचित व्होल्टेजच्या फरकाने आरसीए वायरच्या जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो आणि तोच गाण्यात मिसळतो. बॅटरीवरही थांबली नाही तर सेट टॉप बॉक्सची केबल काढून बघा. ती गच्चीवरून स्वतःचं अर्थिंग घेऊन येते.

उपाय? सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. कुणीतरी हमखास सांगतो, "तिसरी पिन तोडून टाक." अजिबात नको. आत शॉर्ट झालं तर अ‍ॅम्पच्या पत्र्यात करंट उतरतो. त्यापेक्षा ऑप्टिकल लावा. त्यातून प्रकाश जातो, वीज नाही. लॅपटॉपला ऑप्टिकल नसेल तर यूएसबीतून ऑप्टिकल काढणारी छोटी डबी मिळते. मात्र डॅकला वीज लॅपटॉपच्या यूएसबीवरून देऊ नका, नाहीतर सगळी मेहनत वाया. दोन पिनांचा साधा मोबाइल चार्जर वापरा. स्वस्त यूएसबी आयसोलेटर (लॅपटॉप आणि डॅकमधली विजेची जोडणी तोडणाऱ्या डब्या) बहुधा १२ मेगाबिटवालेच असतात. त्यांवर ९६ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटच्या पुढे जाता येत नाही आणि काही डॅक तर ओळखलेच जात नाहीत.

"पण मला दोन डॅकमधला फरक स्पष्ट ऐकू येतो!" येत असेल. एकाचं आउटपुट २.० व्होल्ट आणि दुसऱ्याचं २.२ असलं तरी ०.८ डेसिबलचा फरक पडतो, आणि किंचित मोठा आवाज कानाला "मोकळा", "खुला" वाटतो. ६० हर्ट्झचा टोन वाजवा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, अ‍ॅम्प बंद ठेवून दोन्हींची आउटपुटं मोजा आणि १ टक्क्याच्या आत जुळवा. मग कोणता चालू आहे हे न सांगता घरातल्या कुणालातरी अदलाबदल करायला लावा. दोन्हींचे डिजिटल फिल्टरही (डॅकच्या सेटिंगमधले) सारखे ठेवा, कारण ४४.१ किलोहर्ट्झच्या गाण्यांवर "स्लो रोल-ऑफ" हा फिल्टर तीव्र स्वरांच्या वरच्या टोकाला थोडी कात्री लावतो आणि तरुण कानांना ते कळू शकतं.

दहापैकी नऊ वेळा ओळखलंत तर चिपवालं वाक्य मागे घेतो. पण व्होल्टेज मोजूनच.